न विचारता सांगायची गोष्ट

आमच्या घरात सगळं दादांच्या नावावर होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. जमीन त्यांच्या नावावर, घर त्यांच्या नावावर, दुधाची जीप त्यांच्या नावावर. रेशनकार्डावर सगळ्यात वर त्यांचं नाव आणि खाली आम्ही सगळे ओळीनं, वयाप्रमाणे. एकच वस्तू अशी होती की जिच्यावर त्यांचा काडीचा हक्क नव्हता. ती म्हणजे आतल्या खोलीत खुंटीला टांगलेली हौसाआत्याची बंदूक. एकनळी, बाराबोरची. दस्त्याला एका बाजूनं चीर गेलेली आणि ती तांब्याच्या तारेनं आवळून बांधलेली. हौसाआत्या ही दादांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरी आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. डोक्यावर एक पत्र्याची ट्रंक, एवढाच तिचा संसार. बंदूक मागाहून आली. नवऱ्याला शेताच्या राखणीसाठी मिळालेला परवाना वारसानं आपल्या नावावर करून घ्यायला ती दोन वर्षं वडगावच्या कचेरीत खेटे घालत होती. तिथला कारकून म्हणायचा, बाई, विकून टाका, तुम्हाला काय करायचीय बंदूक. आणि आत्या म्हणायची, मला डुकरं हाकायचीत, तुमी येता का हाकायला? अंगठा उठवायला तिनं नकार दिला. सही मी शिकवली, माझ्या शाळेच्या पाटीवर. सही आल्यावर ती थांबली नाही, वाचायलाही शिकली आणि मग आमच्या घरात येणारा प्रत्येक कागद आधी तिच्या डोळ्यांखालून जाऊ लागला. दादांना ते फारसं आवडत नव्हतं.

परवान्याचं ते छोटं पुस्तक ती दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून कमरेला कनवटीत ठेवायची. त्यात तिचा फोटो होता. आत्याचा तेवढा एकच फोटो मी पाहिला आहे. लोणावळ्याच्या स्टुडिओत काढलेला, डोक्यावर पदर घट्ट आणि नजर अशी की फोटोग्राफरनं काहीतरी आगाऊपणा केला असावा. फोटोखाली तिचं नाव होतं. सरकारनं तिचं नाव लिहिलेला, तिच्या एकटीच्या नावाचा, असा तेवढाच कागद. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज माझ्याकडे कपाटभर कागद आहेत, तरी त्या पुस्तकाची किंमत मला कळते.

आमचं गाव आंदर मावळात, अगदी आत. दिवसातून दोनदा एसटी यायची, पावसाळ्यात एकदा, आणि कधी कधी तीही कंडक्टरच्या मर्जीवर. घराला दिवस कळायचा तो दुधाच्या कॅनच्या आवाजानं. आई धारा काढून कासंडी आणायची, दादा कॅनमध्ये ओतायचे, आणि अॅल्युमिनिअमवर दुधाची धार पडली की पहिल्यांदा टणटण आणि मग कॅन भरत गेला की घुमणारा आवाज यायचा. चुलीवर नाचणीची भाकरी, तव्यावर सुकट परतलेली, त्यात लसूण ठेचून. सुकटीचा वास अंगाला लागतो म्हणून कॉलेजला जायच्या दिवशी मी खायची नाही, आणि आत्या मुद्दाम माझ्या ताटात वाढायची. म्हणायची, कामशेतच्या पोरी काय वास घेत हिंडत्यात व्हय तुजा? रविवारी ती उंबऱ्यात बसून बंदूक पुसायची. शिलाई मशिनचं तेल आणि जुन्या लुगड्याची चिंधी. नळी वेगळी, दस्ता वेगळा, मांडीवर घेऊन बाळाला तेल लावावं तसं हळूहळू. तेव्हा आम्ही कुणी तिच्याशी बोलायचो नाही, बोलून उपयोगही नसायचा.

भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की रानडुकरं खाली उतरायची. त्या दिवसांत गावातली माणसं शेतात माळा बांधून, पत्र्याचे डबे बडवत, आरोळ्या देत राखण करायची. आमच्या माळ्यावर आत्या असायची. डुक्कर मारल्याचं मला आठवत नाही, हवेत एकच बार काढायची. तो बार पलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू जायचा आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, हौसाबाई जागी व्हती. गावातल्या पुरुषांना हे नाक मुरडण्यासारखं वाटायचं, पण ज्यांचं शेत आमच्या शेजारी होतं त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. त्यांचंही भात वाचत होतं.

आता मुद्द्यावर येते. बंदूक घरात असली की कधी ना कधी ती बाहेर काढावी लागते. परवान्याच्या तपासणीला, दुरुस्तीला, आणि मुख्य म्हणजे निवडणुकीला. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात, मतमोजणी झाली की परत मिळतात. आता बंदूक गाडीत आहे आणि वाटेत पोलिसानं हात केला, तर आपण होऊन सांगायचं की विचारण्याची वाट बघायची? या एका प्रश्नावर आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरूनही झाली नाहीत. आत्याचं म्हणणं एकच होतं. गाडी थांबली की पहिलं वाक्य बंदुकीचं. तिचा नवरा एकदा बंदूक घोंगडीत गुंडाळून वडापच्या जीपनं निघाला होता. पोलिसानं गाडी अडवली, हा गप्प बसला, घोंगडी पोलिसानंच उलगडली. परवाना खिशात होता, पण तो दाखवायच्या आतच त्याला कॉलर धरून खाली ओढलं आणि रस्त्याच्या कडेला, गाडीतल्या सगळ्या माणसांसमोर, तासभर उकिडवं बसवलं. चूक काय होती, तर बोलला नाही. आत्या सांगायची, त्या दिवसापासून माझा मानूस रस्त्यानं मान खाली घालून चालायचा, मरस्तवर.

दादांचं म्हणणं बरोबर उलट. एकदा ते आत्याबरोबर बंदूक घेऊन निघाले होते, आत्यानं आपण होऊन सांगितलं, आणि त्या पोलिसानं, जो खरं तर गाडीचं लायसन बघून सोडणार होता, दोघांना दिवस मावळेपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. "बघ," दादा म्हणायचे, "तोंड उघडलं आन दीस गेला. इचारलं तर दाखवायचं. न्हाई इचारलं तर आपली वाट धरायची. आपन काय चोर हाय का सांगत सुटायला?"

"चोर न्हाई म्हनूनच सांगायचं," आत्या म्हणायची. "चोर गप बसतो."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं आणि दोघांनीही ते आपापल्या अंगावर भोगलेलं होतं, त्यामुळे भांडण मिटायची सोयच नव्हती. कायदा काय म्हणतो हे मला पुष्कळ वर्षांनी तळेगावच्या एका वकिलानं सांगितलं. परवाना मागितला की दाखवायचा, एवढं बंधन. आपण होऊन सांगायलाच पाहिजे असं काही त्याला सापडलं नाही. म्हणजे कायद्यानं पाहिलं तर दादा बरोबर. पण कायद्याचं पुस्तक उघडून नाक्यावर कुणी उभं नसतं. आज ती बंदूक माझ्या नावावर आहे आणि आमच्या भाच्याचं मत दादांसारखंच आहे. गेल्या निवडणुकीला मी जमा करायला निघाले तेव्हा तो शेजारी बसून मला शिकवत होता, "मावशी, काच खाली करायची, मोबाईलचा कॅमेरा चालू ठेवायचा आणि विचारतील तेवढंच बोलायचं." वाटेत हायवेवर पोलिस दारूच्या तपासणीला तोंडात नळी फुंकायला लावत होते, मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. मी काच खाली केली आणि फुंकायच्या आधी सांगितलं की गाडीत बंदूक आहे. भाच्यानं कपाळावर हात मारून घेतला. मारू दे. ही सवय मला ज्या दिवशी लागली त्या दिवसाबद्दल लिहायला मी बसले आहे.

मी वीस वर्षांची होते. दादांच्या उजव्या खांद्याला बैलानं ढुशी दिली होती, हात वर जात नव्हता, म्हणून दुधाची जीप मी चालवू लागले होते. आंदर मावळात तेव्हा जीप चालवणारी मुलगी दुसरी नव्हती आणि कान्हे फाट्यावर चहा पिणारी मंडळी मला बघून कप खाली ठेवायची. ठेवू देत. रोज दूध लोणावळ्याला जायचं. दोन हॉटेलं, एक खाणावळ आणि चार बंगल्यांचे रखवालदार. भात अगदी भरात होतं आणि नेमकी तेव्हाच निवडणूक लागली. पोलिसपाटलानं नोटीस आणून दिली, अमक्या तारखेच्या आत शस्त्र जमा करावं. आत्यानं ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "मतं मानसं देनार, आन डुकरं माजनार माझ्या शेतात." पण जमा करायची नाही असं तिच्या मनात आलं नाही. तारीख चुकली तर परवाना रद्द होतो हे तिला पाठ होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी तिनं बंदूक सुटी केली. नळी एका लुगड्यात, दस्ता दुसऱ्यात, काडतुसं बिस्किटाच्या डब्यात. ती म्हणाली, आधी ठाण्यात, मग दूध. दादा म्हणाले, आधी दूध, ते नासेल, ठाणं येताना करू. दोघांच्या वाटा हायवेवर फुटत होत्या, ठाणं एकीकडे आणि लोणावळा दुसरीकडे. शेवटी दादांचं झालं, जीप त्यांची होती. वर त्यांनी आत्याला बजावलं, "आक्का, आज एक शब्द बोलायचा न्हाई. लोनावळ्याच्या वाटंला निवडनुकीचं चेकिंग हाय. दुधाची गाडी म्हनून सोडत्यात. तू तोंड उघडलंस का दूधबी गेलं आन दीसबी गेला." भावाच्या घरात राहणारी बहीण जेवढं न बोलता सांगू शकते तेवढं तिनं पदर सारखा करून सांगितलं. मला दादांचा राग आला, पण मी जीप सुरू केली.

लोणावळ्याच्या अलीकडे हवालदारानं हात केला. पोट सुटलेला, ओळखीचा वाटणारा माणूस. "काय आहे?" दादा मागून म्हणाले, "दूध हाय साहेब, रोजचंच." त्यानं एका कॅनचं झाकण बोटानं उचलून बघितलं आणि जा म्हणाला. बंदूक माझ्या सीटच्या मागे, त्याच्या हातापासून दोन वितींवर होती. मी गिअर टाकला. शेजारी आत्या समोरच्या काचेकडे बघत बसली होती. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "चोरावानी गेलो." एवढंच. लोणावळ्यात एरवी ती हॉटेलच्या मालकिणीशी अर्धा तास गप्पा मारायची. त्या दिवशी बंदूक सोडून जाता येत नाही म्हणून खालीच उतरली नाही. दादांनी कागदात गरम भजी आणून दिली, ती तिनं तशीच मांडीवर ठेवली, कागदाला तेल फुटलं आणि तिच्या लुगड्याला डाग पडला. भज्यांकडे तिनं बघितलंही नाही.

परत येताना त्याच ठिकाणी पुन्हा हात झाला. तेवढ्या वेळात तिथं लोखंडी अडथळे आडवे लागले होते, गाड्यांची रांग होती आणि एक तरुण फौजदार खुर्ची टाकून बसला होता. आमचा सकाळचाच हवालदार आला. "सकाळचीच ना ही? आता काय आहे?"

"रिकामे कॅन, साहेब," दादा म्हणाले.

"साहेबांनी सगळ्या गाड्या उघडायला सांगितल्यात. उतरा खाली." आणि त्यानं माझ्या सीटच्या मागे हात घातला.

त्या एका क्षणात मी काही विचार केला असं मी म्हणणार नाही. मला आत्याचा हात दिसला. तो तिच्या कनवटीवर होता, परवान्यावर घट्ट दाबलेला. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे, आणि मोठ्यानं म्हणाले, "साहेब, हात लावू नका. तिथं बंदूक आहे. परवान्याची आहे. नळी वेगळी आहे, काडतुसं वेगळी आहेत. परवाना आत्याजवळ आहे." वाक्य पुरं होईपर्यंत मी हात हलवले नाहीत.

हवालदारानं हात असा ओढला की कॅन कलंडला. शिट्टी वाजली. फौजदार उठला, दोघं-तिघं धावले, आम्हाला खाली उतरवून रस्त्याच्या कडेला उभं केलं. दादांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आजही सांगू शकेन, पण सांगणार नाही. दादा आता हयात नाहीत, आणि त्या दिवसाचा शेवट वेगळा आहे.

फौजदारानं लुगड्यातून नळी काढली. "कोणाची?"

"माझी," आत्या म्हणाली.

त्यानं तिच्या डोक्यावरून दादांकडे बघून पुन्हा विचारलं, "कोणाची बंदूक?"

"माझी म्हनलं की, साहेब. हितं बघा. मी हितं हाय."

त्यानं परवाना घेतला. फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो. मग त्याला काहीतरी सापडलं. "यात क्षेत्र मावळ तालुका लिहिलंय. आणि तुम्ही लोणावळ्यात बंदूक घेऊन फिरताय. हे चालत नाही."

आत्यानं त्याच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की मला त्या स्टुडिओतल्या फोटोग्राफरची दया आली. "लोनावळा कुटं हाय मग? विलायतंला?"

फौजदार नुकताच बदलून आला होता. त्यानं हवालदाराकडे बघितलं. हवालदार खाकरला. "साहेब, लोणावळा मावळातच येतं."

हसू नये तिथं हसण्याची मला खोड आहे. मी हसले. त्यामुळे फौजदाराचं तोंड अधिकच कडू झालं. जमा करायची नोटीस आत्यानं पुढं केली. तो म्हणाला, ठाणं तिकडं, तुम्ही इकडं कुठं? आत्या म्हणाली, दूध नासतं साहेब, बंदूक नासत न्हाई. खरं तर हे म्हणणं दादांचं, पण तिनं ते आपल्या अंगावर घेतलं. मग त्यानं तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती वाटत होती. "सकाळी याच नाक्यावरून गेलात. तेव्हा का सांगितलं नाही? आता गाडी उघडतोय म्हटल्यावर पोरगी सांगते. लपवूनच नेत होतात ना?"

याचं उत्तर दादांजवळ होतं आणि ते जमिनीकडे बघत होते.

फौजदार मग एकदम समजूतदार झाला. त्याचा ओरडा मला परवडला असता, समजूतदारपणा नको होता. त्यानं दादांच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघा, बायकांना कशाला ठाण्याच्या पायऱ्या? साधा जबाब द्या. बंदूक मीच वापरतो, बहिणीच्या नावावर नुसती कागदावर आहे. सही करा. बंदूक राहील इथं, तुम्ही घरी जा." आणि त्यानं कोरा कागद आणि पेन जीपच्या बॉनेटवर ठेवलं.

दादांनी पेन हातात घेतलं. हे मी इथं लिहिणारच आहे, कारण नंतर आमच्या घरात हा भाग कधी कुणी सांगितला नाही. त्यांना घरी जायचं होतं. लेक आणि बहीण रस्त्यावर उभ्या होत्या, मुंबईच्या गाड्यांतून माणसं माना काढून बघत होती, आणि एका सहीनं सगळं संपणार होतं. फक्त ती सही झाली की परवाना गेला. दुसराच वापरतो म्हटल्यावर बाईच्या नावावर तो कोण ठेवणार?

"बबन," आत्या दादांना म्हणाली. ओरडली नाही. मग ती फौजदाराकडे वळली. "सकाळी मी बोलले न्हाई. मला बोलायचं व्हतं आन मी बोलले न्हाई, ही माझी चूक झाली. बंदूक माझी हाय आन चूकबी माझी हाय. काय लिवायचं त्ये माझ्या नावावर लिवा. सही मला येती. त्याला कशाला इचारता?"

दादांनी पेन खाली ठेवलं. हळूच ठेवलं, घरंगळू नये म्हणून आडवं करून. त्यांनी आत्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही.

फौजदार म्हणाला, "बरं. बंदूक इथं जमा. निघा तुम्ही."

"पावती द्या."

"पावती-बिवती ठाण्यात मिळेल. निघा म्हटलं ना."

"बंदूक हितं दिल्यावर ठान्यात पावती कोन देईल मला? आज शेवटची तारीक हाय. उद्या म्हनाल जमा केली न्हाई, परवाना रद." आत्यानं जीपमधून एक रिकामा कॅन उतरवला, तो उपडा केला, लोखंडी अडथळ्यांच्या मधे, जिथून गाड्या सोडत होते तिथं ठेवला आणि त्याच्यावर बसली. पदर सारखा केला, हात मांडीवर. "मी बसलीय. तुमी लिवा सावकास."

त्यानंतर जे झालं त्याला मी तमाशा म्हणत नाही, पण बघणारे म्हणाले असतील. मागं हॉर्न वाजत होते. एका गाडीतून एक बाई चिक्कीचा पुडा हातात धरून खाली उतरली आणि विचारू लागली की ही आजी कोण. हवालदार आत्याला विनवत होता, "मावशी, उठा हो, साहेब तापलेत." आत्या म्हणाली, "मग त्येंना पानी द्या." कुणी तिला हात लावायला धजावलं नाही. मी तिच्यामागं जाऊन उभी राहिले. एवढी ताठ मी आयुष्यात कधी उभी राहिले नाही. कॅन उपडा करताना रस्त्यावर सांडलेल्या दुधाला उन्हानं आंबूस वास सुटला होता आणि त्याच्यावर माश्या घोंघावत होत्या. दादा जीपला टेकून उभे होते. थोड्या वेळानं तेही आले. आत्याच्या दुसऱ्या बाजूला, रस्त्यावरच, मांडी घालून बसले. दुखऱ्या खांद्यामुळे त्यांना बसायला वेळ लागला.

शेवटी हवालदारानंच मार्ग काढला. समोरच्या हॉटेलातून त्यानं आमच्या ठाण्याला फोन लावला. तिकडच्या कारकुनानं वही बघून सांगितलं, हो, या नंबरची बंदूक, या नावाची बाई, आज यायच्या होत्या, वाट बघतोय. फौजदारानं दात आवळून कागद ओढला आणि लिहिलं. आत्यानं तो हातात घेतला, दोन्ही हातांनी लांब धरला आणि मोठ्यानं, अक्षर अक्षर लावत वाचला. रांगेतली निम्मी माणसं ऐकत होती. मग तिनं तो परत दिला.

"ह्याच्यात 'बबन यांच्या घरातील बंदूक' असं लिवलंय. माझं नाव न्हाई."

"तेच की हो! काय फरक पडतो?"

"मग पडत न्हाई तर माझं लिवा."

त्यानं दुसरा कागद घेतला. तिचं पूर्ण नाव लिहिलं, बंदुकीचा नंबर लिहिला, काडतुसं किती ते लिहिलं, खाली सही केली, हवालदाराकडून शिक्का मारून घेतला. आत्यानं पुन्हा वाचलं. नंबर परवान्याशी ताडून बघितला. मग उठली, कॅन स्वतः उचलून जीपमध्ये ठेवला आणि म्हणाली, "येते, साहेब. भाताला राखन न्हाई माझ्या, तेवढं ध्यानात असू द्या."

मी जीप सुरू केली. कामशेत आल्यावर आत्यानं सकाळची भजी काढली, थंडगार, तेलकट, आणि एक मला दिलं. एक मागे धरलं. बऱ्याच वेळानं मागून दादांचा हात आला आणि ते घेऊन गेला. मला वाटत होतं, आता घरी गेल्यावर माझी धडगत नाही. जीपची किल्ली काढून घेतली जाणार हे मी धरून चालले होते.

कान्हे फाट्यावर आमच्याकडे वळायच्या तोंडाला आणखी एक पोलिस उभा होता. कोवळा पोरगा, नवीन भरतीचा. ट्रॅक्टर, जीपा, सगळ्यांना तो हातानंच जा जा करत होता. आम्हालाही केलं. मी पुढं काढणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "सुमे, थांबव."

मी थांबवली. दादा मागून उतरले. दुखरा हात छातीशी धरून चालत त्या पोरापर्यंत गेले. आत्यानं मान वळवली.

"साहेब, ह्या जीपमधी बंदूक व्हती," दादा म्हणाले. "आता न्हाई. जमा केलीया. परवान्याची व्हती."

पोरगा गोंधळला. "बरं मग? मी काही विचारलं का, काका?"

"न्हाई इचारलं," दादा म्हणाले. "माझ्या थोरल्या बहिनीची हाय. हौसाबाईची. सकाळी सांगायचं राहिलं व्हतं."